उजळणीचा अग्रक्रम : बारावीच्या भौतिकशास्त्राची तयारी

माघ महिना लागला की मानोरा तालुक्याच्या शिवारात तुरीची मळणी उरकत येते आणि हरभरा सोंगणीच्या बेतात असतो. शेतकरी कुटुंबाला या दिवसांत घरच्या प्रत्येक हाताची गरज भासते. नेमक्या याच दिवसांत घरातील बारावीच्या मुलामुलींची परीक्षा तोंडावर आलेली असते. सकाळी शेतात, दुपारी कनिष्ठ महाविद्यालयात आणि रात्री पुस्तकासमोर अशी ज्यांची दिनचर्या आहे, त्यांना उजळणीसाठी मिळणारा प्रत्येक तास मोलाचा असतो. तो तास कोणत्या प्रकरणाला द्यावा, हा प्रश्न वरवर पाहता लहान वाटतो. परंतु त्याच्या उत्तरावर पुढील शिक्षणाचा मार्ग बऱ्याच अंशी अवलंबून असतो.

१ जुलै १९९८ रोजी अकोला जिल्ह्याचे विभाजन होऊन वाशीम जिल्हा अस्तित्वात आला. त्याच्या सहा तालुक्यांपैकी मानोरा हा यवतमाळ जिल्ह्याच्या सीमेला लागून असलेला तालुका होय. सोयाबीन, तूर, कापूस ही येथील मुख्य पिके. बंजारा समाजाचे श्रद्धास्थान असलेले पोहरादेवी हे तीर्थक्षेत्र याच तालुक्यात आहे. येथील तांड्यांवरील अनेक मुले घरी गोरमाटी बोलतात, शाळेत मराठीतून शिकतात आणि अकरावीला विज्ञान शाखा घेतली की बहुतांशी इंग्रजी पाठ्यपुस्तकांना सामोरी जातात. राज्य मंडळाच्या अमरावती विभागात येणाऱ्या या विद्यार्थ्यांपुढे परीक्षेच्या दिवशी जी प्रश्नपत्रिका येते, तीच पुण्या-मुंबईच्या विद्यार्थ्यांपुढेही असते. प्रश्नपत्रिका एक असली तरी तयारीची साधने सारखी नसतात. यास्तव हाती असलेल्या वेळाचा नेमका उपयोग करणे येथील विद्यार्थ्यांच्या बाबतीत अधिकच अगत्याचे ठरते.

भौतिकशास्त्राच्या गुणांना केवळ उत्तीर्ण होण्यापुरते महत्त्व नाही. राज्यातील अभियांत्रिकी पदवी प्रवेशाच्या पात्रतेसाठी भौतिकशास्त्र, गणित व रसायनशास्त्र अथवा तत्सम विषय यांत मिळून ४५ टक्के आणि राखीव प्रवर्गासाठी ४० टक्के गुणांची अट ठेवण्यात आली आहे. वैद्यकीय प्रवेशासाठी भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व जीवशास्त्र या गटात ५० टक्के आणि राखीव प्रवर्गासाठी ४० टक्के गुण अपेक्षित असतात. प्रवेश परीक्षेत उत्तम यश मिळूनही बारावीच्या गुणांअभावी पात्रता गमावण्याची वेळ येऊ नये, यासाठीही या विषयाचे नियोजन आवश्यक ठरते.

गुणविभागणी काय सांगते?

परीक्षा जवळ आली की ‘महत्त्वाच्या’ प्रश्नांच्या याद्या हातोहात फिरू लागतात. अमुक सहा प्रकरणे करा, बाकीची सोडली तरी चालतील, असा सल्ला सर्रास दिला जातो. हा सल्ला कितपत ग्राह्य आहे, हे मंडळाच्या गुणविभागणीवरूनच तपासून पाहता येते.

२०२०-२१ पासून लागू झालेल्या अभ्यासक्रमात बारावीच्या भौतिकशास्त्राची १६ प्रकरणे आहेत. लेखी परीक्षा ७० गुणांची व ३ तासांची असून प्रात्यक्षिकास ३० गुण आहेत. मंडळाच्या गुणविभागणीनुसार परिवलन गतिकी, द्रायूंचे यांत्रिक गुणधर्म, वायूंचा गतिसिद्धांत व प्रारण, ऊष्मागतिकी, तरंग प्रकाशिकी आणि विद्युतचुंबकीय प्रवर्तन या ६ प्रकरणांना प्रत्येकी ५ गुण आहेत. दोलने, तरंगांचे अध्यारोपण, स्थिर विद्युत, प्रवाही विद्युत, विद्युतधारेमुळे निर्माण होणारे चुंबकीय क्षेत्र, चुंबकीय पदार्थ, प्रत्यावर्ती धारेची मंडले, प्रारण व द्रव्य यांचे द्वैत स्वरूप, अणू व अणुकेंद्राची रचना आणि अर्धसंवाहक साधने या उरलेल्या १० प्रकरणांना प्रत्येकी ४ गुण आहेत. सहा पंचे तीस आणि दहा चोक चाळीस, असे हे ७० गुण होतात.

या आकड्यांवरून एक गोष्ट स्पष्ट होते. सर्वांत ‘जड’ प्रकरण आणि सर्वांत ‘हलके’ प्रकरण यांत केवळ एका गुणाचा फरक आहे. एखाद्या जमिनीचे सोळा तुकडे जवळजवळ सारख्याच आकाराचे असावेत, तशी ही वाटणी आहे. अशा वाटणीत कोणता तुकडा मोठा, या विचारात फार वेळ घालविण्यात अर्थ नसतो. कोणत्या तुकड्यात किती मशागत झाली आहे आणि कोणत्या तुकड्यातून पुढच्या तुकड्यांना पाणी जाते, हेच पाहावे लागते. उजळणीचा अग्रक्रमही याच दोन गोष्टींवरून ठरवावयाचा असतो.

पर्यायी प्रश्नांची मर्यादा

काही प्रकरणे सोडून देण्याचा सल्ला मुख्यतः पर्यायी प्रश्नांच्या आधारे दिला जातो. त्याचेही गणित मांडून पाहणे उपयुक्त ठरेल. प्रश्नपत्रिकेच्या पहिल्या विभागात बहुपर्यायी १० व अतिलघुत्तरी ८ असे १८ गुणांचे प्रश्न अनिवार्य असतात. त्यापुढे २ गुणांच्या १२ प्रश्नांपैकी ८, ३ गुणांच्या १२ प्रश्नांपैकी ८ आणि ४ गुणांच्या ५ प्रश्नांपैकी ३ प्रश्न सोडवावयाचे असतात. पर्यायांसह छापलेल्या सर्व प्रश्नांचे गुण ९८ होतात. म्हणजे विद्यार्थ्याला २८ गुणांचे प्रश्न सोडून देण्याची मुभा आहे.

ही मुभा तिन्ही विभागांत मिळून असते : दोन गुणांच्या विभागात ८, तीन गुणांच्या विभागात १२ आणि चार गुणांच्या विभागात ८. एका विभागातील मुभा दुसऱ्या विभागात वापरता येत नाही. पर्याय धरून प्रत्येक प्रकरणावर ५ ते ७ गुणांचे प्रश्न येतात. चार प्रकरणे पूर्णपणे सोडल्यास २० ते २८ गुणांचे प्रश्न विद्यार्थ्याच्या आवाक्याबाहेर जातात. त्यांतील काही प्रश्न अनिवार्य भागात असणार, म्हणजे तेथील गुण हमखास जातात. उरलेले प्रश्न सोडण्यातच मिळालेली बहुतेक मुभा खर्ची पडते. मग अभ्यासलेल्या प्रकरणांवर एखादे अवघड उदाहरण आले तर ते बाजूला ठेवण्याची सोय राहत नाही. परीक्षागृहात संकटकाळी उपयोगी पडावी म्हणून दिलेली ही पुंजी परीक्षेपूर्वीच खर्च करून बसण्यासारखे हे आहे.

तात्पर्य, एकही प्रकरण पूर्णपणे वगळू नये. प्रत्येक प्रकरणातील व्याख्या, सूत्रे, एकके आणि साधी उदाहरणे एवढी किमान तयारी सर्वत्र झालीच पाहिजे. खोलात कोठे जावयाचे, एवढाच प्रश्न त्यानंतर उरतो.

पाया कोणता?

सोळा प्रकरणे पुस्तकात ओळीने छापलेली असली तरी ती एकमेकांपासून अलग नाहीत. त्यांचे स्थूलमानाने पाच गट पडतात. परिवलन गतिकी व द्रायू यांचे १० गुण. वायू व ऊष्मागतिकी यांचे १० गुण. दोलने, तरंगांचे अध्यारोपण व तरंग प्रकाशिकी यांचे १३ गुण. विद्युत व चुंबकत्व यांच्या सहा प्रकरणांचे २५ गुण. आणि प्रारणाच्या द्वैत स्वरूपापासून अर्धसंवाहकांपर्यंतच्या तीन प्रकरणांचे १२ गुण.

गटातील पहिले प्रकरण कच्चे राहिले तर पुढची प्रकरणे पाठांतरावरच उभी राहतात. ‘दोलने’ या प्रकरणाचे उदाहरण घेऊ. गुणविभागणीत त्याचे गुण अवघे ४. परंतु कला, म्हणजे विद्यार्थ्यांच्या परिचयाचा ‘फेज’, ही कल्पना याच प्रकरणात पक्की होते. दोन तरंग एकमेकांत मिसळले असता कोठे ध्वनी वाढतो व कोठे लोपतो, हे कलेवरून कळते. यंगच्या प्रयोगातील प्रकाशित व अंधाऱ्या पट्ट्यांचे कारण कलेतच सापडते. प्रत्यावर्ती धारेच्या मंडलात विद्युतदाब पुढे की धारा पुढे, हाही कलेचाच प्रश्न आहे. याप्रमाणे दोलने, अध्यारोपण, तरंग प्रकाशिकी व प्रत्यावर्ती धारा मिळून १७ गुणांच्या अभ्यासाला या एका प्रकरणाचा आधार आहे. चार गुणांचे म्हणून ते मागे टाकणाऱ्या विद्यार्थ्याला त्याची किंमत चार ठिकाणी मोजावी लागते.

विद्युत व चुंबकत्वाच्या गटात हीच गोष्ट अधिक ठळकपणे दिसते. स्थिर विद्युतातील विभवाची कल्पना समजली तर प्रवाही विद्युतातील किर्खोफचे नियम सहज उमगतात. धारेभोवतीचे चुंबकीय क्षेत्र कळले की चुंबकीय पदार्थ व विद्युतचुंबकीय प्रवर्तन यांची वाट मोकळी होते, आणि प्रवर्तन समजल्याशिवाय प्रत्यावर्ती मंडलातील वेटोळ्याचे कार्य ध्यानात येत नाही. परिवलन गतिकीतील टॉर्क ही कल्पना चुंबकीय क्षेत्रात ठेवलेल्या वेटोळ्याच्या अभ्यासात पुन्हा भेटते, तर कोनीय संवेग बोरच्या अणुप्रतिमानात भेटतो.

याउलट काही प्रकरणे बरीचशी स्वतंत्र आहेत. द्रायूंचे यांत्रिक गुणधर्म हे त्यांपैकी एक. ते केव्हाही हाती घेता येते. दिवसभराच्या कामाने थकलेल्या विद्यार्थ्याने संध्याकाळी असे स्वतंत्र प्रकरण घ्यावे व सकाळचा ताजा वेळ पायाभूत प्रकरणांसाठी राखावा, हे सोयीचे ठरते.

आपल्याला काय येते, याची मोजणी

अग्रक्रमाचा दुसरा आधार म्हणजे विद्यार्थ्याची स्वतःची स्थिती. येथे बहुतेकांची फसगत होते. धडा तिसऱ्यांदा वाचला की तो ओळखीचा वाटतो आणि ओळखीचा वाटला म्हणजे तो आला, अशी समजूत होते. अमेरिकेतील सेंट लुई येथील वॉशिंग्टन विद्यापीठात रोडिगर व कार्पिक या संशोधकांनी २००६ साली प्रसिद्ध केलेला प्रयोग या बाबतीत उद्बोधक आहे. विद्यार्थ्यांच्या एका गटाने दिलेला उतारा पुन्हा वाचला, तर दुसऱ्या गटाने तो एकदा वाचून नंतर न पाहता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत पुन्हा वाचणारे पुढे होते. एका आठवड्यानंतर मात्र पुन्हा वाचणाऱ्यांना ४२ टक्के, तर आठवून लिहिणाऱ्यांना ५६ टक्के मजकूर आठवला. २०१३ साली डन्लॉस्की व त्यांच्या सहकाऱ्यांनी अभ्यासाच्या १० पद्धतींचा आढावा घेतला. त्यातही स्वतःची चाचणी घेणे आणि अभ्यास थोड्या थोड्या दिवसांच्या अंतराने विभागणे या दोन पद्धती सर्वांत उपयुक्त आढळल्या. पुन्हा पुन्हा वाचणे व ओळींखाली रेघा ओढणे यांचा उपयोग अल्प असल्याचे दिसून आले.

म्हणून उजळणीचा आरंभ वाचनाने न करता चाचणीने करावा. प्रत्येक प्रकरणासाठी अर्धा तास राखून ठेवावा. पुस्तक मिटून दोन बहुपर्यायी प्रश्न, एक व्याख्या, एक सिद्धता आणि एक उदाहरण लिहून काढावे. नंतर पुस्तकाशी ताडून पाहून त्या प्रकरणाची तीनपैकी एका वर्गात नोंद करावी : बहुतेक सर्व आले तर ‘पक्के’, निम्म्याच्या आसपास आले तर ‘अर्धे’, फारसे काहीच आले नाही तर ‘कच्चे’.

चुकलेल्या उत्तरांपुढे चुकीचे कारणही लिहावे. कल्पनाच कळली नव्हती, सूत्र आठवले नाही, आकडेमोड वा एकक चुकले, की प्रश्नाची इंग्रजी भाषाच समजली नाही, अशी चार कारणे पुरेशी आहेत. मानोऱ्यासारख्या तालुक्यात चौथ्या कारणाकडे विशेष लक्ष देणे जरूर आहे. मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्याला पाण्याच्या थेंबाचा गोल आकार कशामुळे होतो हे ठाऊक असते. परंतु प्रश्नातील शब्दरचना अपरिचित असल्याने तो प्रश्नच सोडून देतो. अशा विद्यार्थ्याला ते प्रकरण पुन्हा शिकविण्याची गरज नसते. ‘सिद्ध करा’, ‘फरक स्पष्ट करा’, ‘मर्यादा सांगा’ या अर्थाच्या इंग्रजी आज्ञांची आणि प्रत्येक प्रकरणातील वीस-पंचवीस पारिभाषिक शब्दांची मराठी अर्थासह यादी त्याच्या हाती दिली, तर थोड्या वेळात त्याची मोठी अडचण दूर होते.

साठ तासांची विभागणी

परीक्षेपूर्वी ३० दिवस शिल्लक आहेत आणि भौतिकशास्त्रासाठी रोज २ तास देता येतात, असे धरून चालू. एकूण ६० तास होतात. ते सोळा प्रकरणांत सारखे वाटले तर प्रत्येकी पावणेचार तास येतील. ही वाटणी न्याय्य दिसते, परंतु फलदायी नाही. कारण आलेल्या प्रकरणावर घालविलेला चौथा तास काही नवे देत नाही.

पहिले ८ तास वर सांगितलेल्या चाचणीसाठी द्यावेत. समजा, तीतून ६ प्रकरणे पक्की, ६ अर्धी आणि ४ कच्ची आढळली. पक्क्या प्रकरणांना प्रत्येकी दीड तास म्हणजे ९ तास, अर्ध्या प्रकरणांना प्रत्येकी ४ तास म्हणजे २४ तास आणि कच्च्या प्रकरणांना प्रत्येकी ३ तास म्हणजे १२ तास द्यावेत. येथपर्यंत ५३ तास झाले. उरलेल्या ७ तासांपैकी ६ तासांत दोन पूर्ण प्रश्नपत्रिका घड्याळ लावून सोडवाव्यात आणि एक तास त्यांतील चुका पाहण्यासाठी ठेवावा.

अर्ध्या आलेल्या प्रकरणांना सर्वाधिक वेळ का, असा प्रश्न उपस्थित होईल. वेळ थोडा असताना जे जवळजवळ येत आहे ते पुरे करण्यात प्रत्येक तासामागे अधिक गुण पदरात पडतात. कोलंबिया विद्यापीठातील जॅनेट मेटकाफ यांनी २००२ साली प्रसिद्ध केलेल्या संशोधनातही, वेळ अपुरा असता आवाक्याच्या किंचित पलीकडील भागावर लक्ष केंद्रित करणे फायद्याचे ठरते, असाच निष्कर्ष आहे. अगदी कच्च्या प्रकरणातील अवघड सिद्धतांमागे पहिल्याच आठवड्यात लागल्यास वेळही जातो आणि धीरही खचतो.

या नियमाला एक अपवाद करावा. कच्चे आढळलेले प्रकरण पायाभूत असेल, उदाहरणार्थ दोलने, स्थिर विद्युत किंवा विद्युतचुंबकीय प्रवर्तन, तर त्याला अर्ध्या प्रकरणाइतका वेळ द्यावा आणि ते पहिल्या दहा दिवसांतच हाती घ्यावे. त्यासाठी लागणारा जादा तास एखाद्या स्वतंत्र प्रकरणाच्या वाट्यातून काढता येईल.

प्रत्येक प्रकरणाचे तास एकाच दिवशी संपवू नयेत. चार तास असतील तर ते दोन-तीन बैठकींत, मध्ये काही दिवसांचे अंतर ठेवून विभागावेत. पुढील बैठकीच्या आरंभी मागील भाग पुस्तक न पाहता लिहून पाहावा. वेळेचे भानही याच काळात अंगी बाणवावे. लेखी परीक्षेचे १८० मिनिटे व ७० गुण पाहता, वाचन व तपासणीसाठी पंधरा मिनिटे वेगळी काढल्यास, दर गुणामागे सुमारे सव्वादोन मिनिटे मिळतात. म्हणजे तीन गुणांचे उत्तर सुमारे सात मिनिटांत आणि चार गुणांचे नऊ ते दहा मिनिटांत पूर्ण झाले पाहिजे. सराव करताना हाच माप लावावा.

जुन्या प्रश्नपत्रिका वाचताना

मागील प्रश्नपत्रिका हे उजळणीचे उत्तम साधन होय. परंतु त्या कोणत्या वर्षाच्या आहेत, हे पाहणे आवश्यक आहे. २०२० पर्यंतच्या प्रश्नपत्रिका जुन्या अभ्यासक्रमाच्या आहेत. त्यांत गुरुत्वाकर्षण व स्थितिस्थापकता यांवरील प्रश्न आढळतात. नव्या रचनेत हे विषय अकरावीत गेले असून ऊष्मागतिकीला बारावीत स्वतंत्र प्रकरण मिळाले आहे. कोविडच्या साथीमुळे २०२१ ची लेखी परीक्षा रद्द करण्यात आली. २०२२ ची परीक्षा २५ टक्के कमी केलेल्या अभ्यासक्रमावर घेण्यात आली. त्यामुळे त्या वर्षी एखाद्या भागावर प्रश्न आला नाही, एवढ्यावरून तो भाग बिनमहत्त्वाचा ठरविणे चुकीचे होईल. २०२३ पासूनच्या मुख्य व पुरवणी परीक्षांच्या प्रश्नपत्रिका या दृष्टीने अधिक विश्वसनीय मार्गदर्शक आहेत.

या प्रश्नपत्रिकांवरून ‘यंदा काय येणार’ याचे भाकीत करू नये. प्रश्न कोणत्या प्रकारे विचारले जातात, सिद्धतेबरोबर लहान उदाहरण कसे जोडले जाते, आकृतीला व एककाला किती महत्त्व असते, हे त्यांतून शिकावे. गुणविभागणी व प्रश्नपत्रिकेचा आराखडा त्या त्या वर्षी मंडळाच्या प्रकाशित माहितीशी ताडून पाहणे हे शिक्षकांचे कर्तव्य होय.

राज्य सामाईक प्रवेश परीक्षा अथवा वैद्यकीय प्रवेश परीक्षा देणाऱ्या विद्यार्थ्यांनी अकरावीचा भागही लक्षात ठेवावा. वैद्यकीय प्रवेश परीक्षेत भौतिकशास्त्राचे ४५ प्रश्न १८० गुणांसाठी असतात व त्यांत अकरावी-बारावी या दोन्ही वर्षांचा अभ्यासक्रम येतो. तथापि मंडळाच्या लेखी परीक्षेपूर्वीचा महिना बारावीच्या सोळा प्रकरणांना देऊन अकरावीची उजळणी त्यानंतर हाती घेणे अधिक सुकर ठरते.

प्रात्यक्षिक आणि परिसर

प्रात्यक्षिकाचे ३० गुण लेखी परीक्षेपासून वेगळे मानण्याची प्रथा आहे. वस्तुतः मीटर सेतूचा प्रयोग नीट करणाऱ्या विद्यार्थ्याची प्रवाही विद्युताची उजळणी प्रयोगशाळेतच होते. सोनोमापीवर तार छेडताना अध्यारोपणाचे प्रकरण उलगडते. यास्तव प्रात्यक्षिक परीक्षेचा आठवडा व त्या त्या प्रकरणांची उजळणी एकत्र आखावी. त्यामुळे एकाच श्रमात दोन्हीकडचे गुण साधतात.

कच्च्या प्रकरणांसाठी परिसराचाही आधार घेता येतो. पावसाळ्यानंतर शेतकरी डवरणी करतो, तेव्हा तणाचा बंदोबस्त होतो आणि त्याचबरोबर जमिनीच्या वरच्या थरातील सूक्ष्म नलिका तुटून खालचा ओलावा वर येऊन उडून जाण्याचे थांबते. पुस्तकातील केशाकर्षण ते हेच. गावाच्या वेशीवरची ‘डीपी’, म्हणजे रोहित्र, हे विद्युतचुंबकीय प्रवर्तनाचे नित्य दिसणारे उदाहरण आहे. शेतातील सौर कृषिपंपाचे पटल अर्धसंवाहकांच्या संधीवर चालते. जे डोळ्यांनी पाहिले आहे त्याला सूत्राची जोड दिली की ते पाठ करावे लागत नाही.

शिक्षक व ग्रामपंचायती यांचे कार्य

अग्रक्रम ठरविणे हे प्रत्येक विद्यार्थ्याचे स्वतःचे काम असले तरी त्यासाठी लागणारी साधने तो एकटा उभी करू शकत नाही. भौतिकशास्त्राच्या शिक्षकांनी डिसेंबरअखेर सोळाही प्रकरणांच्या अर्ध्या तासाच्या चाचण्या तयार ठेवल्या, तर विद्यार्थ्यांचा मोठा वेळ वाचेल. वर्गातील सर्वांच्या नोंदी एकत्र केल्यास कोणते प्रकरण बहुतेकांचे कच्चे आहे, हे ध्यानात येते आणि उजळणीचे तास त्यानुसार लावता येतात. संपूर्ण वर्गाला पहिल्या प्रकरणापासून पुन्हा शिकवीत जाण्यापेक्षा हा मार्ग अधिक परिणामकारक आहे.

ग्रामपंचायतींच्या हातीही बरेच काही आहे. अहिल्याबाई होळकर योजनेमुळे मुलींना शाळा-महाविद्यालयासाठी एस. टी.चा प्रवास विनामूल्य असला, तरी परतीची गाडी गाठण्यासाठी तालुक्याच्या गावी संध्याकाळी अभ्यासाला थांबणे त्यांना शक्य होत नाही. अशा वेळी गावातच ग्रामपंचायतीची अथवा शाळेची एक खोली, खात्रीचा दिवा, एक भिंतीवरचे घड्याळ आणि मागील काही वर्षांच्या प्रश्नपत्रिकांचा एक संच एवढी व्यवस्था परीक्षेपूर्वीच्या दोन महिन्यांसाठी झाली, तरी तिचा मोठा लाभ होईल. मुलींना निर्धास्तपणे बसता यावे म्हणून गावातील एखाद्या शिक्षिकेची अथवा महिला सदस्याची तेथे उपस्थिती असावी. मानोरा शहरात नगरपंचायतीला असे कार्य करता येईल. पालकांच्या सभेत सोंगणीच्या दिवसांत बारावीच्या मुलांचे दोन तास राखून ठेवण्याची विनंती सरपंचांनी केली, तर तिचे वजन शिक्षकांच्या विनंतीहून कमी नसेल.

या सर्व विवेचनाचा मथितार्थ थोडक्यात सांगावयाचा तर, प्रथम स्वतःची परीक्षा स्वतः घ्यावी, पायाभूत प्रकरणे आधी हाती घ्यावीत, अर्धे आलेले पुरे करावे आणि काहीही अजिबात सोडू नये. महागडी शिकवणी अथवा दूरच्या शहरातील वास्तव्य यांवाचून हे करता येते. त्याला एक वही, एक घड्याळ आणि रोजचे राखून ठेवलेले दोन तास लागतात. वही विद्यार्थ्याजवळ आहे. ते दोन तास त्याला निर्वेधपणे मिळवून देणे हे पालक, शिक्षक आणि ग्रामपंचायती यांचे काम आहे.